घरचा स्कॅन

धाकटीला राग आला की आधी तिचे कान तापायचे. लग्न होऊन ती घरात आली त्याच महिन्यात थोरल्या जावेनं हे हेरलं होतं. तेव्हापासून जेवताना कुणी काही वेडंवाकडं बोललं, की थोरली तिच्या कानांकडे बघायची आणि शांतपणे म्हणायची, "पेटले. पाणी आणा रे कुणीतरी." मग धाकटीला हसू यायचं, आणि कान निवायचे.

त्या दुपारी मात्र हसवायला थोरली जवळ नव्हती. ती दोन मजले वर, उद्याच्या ऑपरेशनसाठी दाखल झालेल्या बायकांच्या खोलीत पडली होती. धाकटी खाली तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत पडद्यासमोर बसली होती, आणि पडद्यावर थोरलीचं पोट होतं.

धाकटी याच इस्पितळात रेडिओलॉजिस्ट. दिवसभर लोकांच्या आतले फोटो बघायचे आणि काय दिसतं ते लिहायचं, हे तिचं काम. थोरली तरणतलावावर पोहायला शिकवायची. गळ्यात शिट्टी, पायात रबरी चपला, आणि आवाज असा की पाण्याखालच्या माणसालाही ऐकू जावा. पाण्याला भिणारी माणसं पाण्यात उतरवण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. गेल्या वर्षभरात तिचा पोहण्याचा पोशाख कमरेला दाटू लागला. वय झालं, सुटले मी, म्हणून तिनं एक माप मोठा पोशाख आणला. मग तोही दाटू लागला. पाण्यात डाव्या कुशीवर वळताना दुखायला लागलं तेव्हा कुठे बाईसाहेब तपासायला आल्या.

गर्भाशयात गाठ निघाली, मुठीपेक्षा बरीच मोठी. सगळे म्हणाले, फायब्रॉइड. गर्भाशयाची भिंत ज्या स्नायूची असते, त्याच्यातूनच उगवणारी ही साधी गाठ. आपल्या हुकमाची वाट न बघता आयुष्यभर गुमान राबणारा तो गुळगुळीत स्नायू, त्याला मध्येच कुठेतरी गुठळी येते, एवढंच. कितीतरी बायकांना असते आणि बहुतेकींचं काही बिघडत नाही. पुढे एमआरआय झाला, तोही फायब्रॉइडच म्हणाला. म्हणजे मशीन काही म्हणत नाही, माणसं म्हणतात. आणि म्हणणारे होते मोघमराव.

मोघमराव हे विभागाचे प्रमुख. नाव धाकटीनंच ठेवलेलं. 'असू शकते', 'नाकारता येत नाही', 'इतर तपासण्यांशी ताडून पाहावे' या तीन खांबांवर त्यांचे रिपोर्ट वर्षानुवर्षं उभे होते. हात मोडला असला तरी मोडल्याची शक्यता लिहितील असा माणूस. आपल्या घरच्या माणसाचे फोटो आपण वाचायचे नाहीत, मायेपोटी डोळा फसतो, असा विभागात नियम होता आणि तो शहाणपणाचा होता. म्हणून थोरलीचे फोटो मोघमरावांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी बोळात गाठून त्यांनी धाकटीच्या खांद्यावर थोपटलं आणि म्हणाले, "फायब्रॉइडच आहे. झोप निवांत." जन्मात एकदा हा माणूस ठामपणे काही बोलला होता, आणि धाकटी खरंच निवांत झोपली होती. फोटो उघडून बघायचं तिच्या मनातही आलं नाही.

आज ते उघडायची वेळ आली ती ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांमुळे. त्यांना सगळे दुर्बीणवाले म्हणत, कारण पोट न चिरता चार लहान भोकं पाडून, दुर्बिणीतून बघत ऑपरेशन करण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी फोन केला. गाठ डावीकडे झुकलीय की उजवीकडे, तेवढं बघून सांग, म्हणजे पहिलं भोक कुठे पाडायचं ते ठरवतो. मोघमराव जागेवर नव्हते. धाकटीनं फाइल उघडली.

आधी तिला वाटलं, सगळे फोटो आले नाहीत. एमआरआयमध्ये एकाच पोटाचे अनेक संच काढतात, प्रत्येक संच वेगळं काही दाखवतो. इथे दोन संच नव्हतेच. इंजेक्शन देऊन काढायचा तो नव्हता. आणि डिफ्युजनचा नव्हता. पेशींच्या गर्दीत पाण्याला हलायला किती जागा आहे, हे तो संच दाखवतो. जिथे पेशी बेसुमार वाढून ठासून बसलेल्या असतात, तिथे पाणी अडकतं आणि ती जागा उठून दिसते. साधी गाठ कोणती आणि वैरी कोणती, हे ओळखायला तोच लागतो.

होते ते फोटो तिनं वरून खाली पाहिले, मग खालून वर पाहिले. फायब्रॉइड या फोटोंत काळा असतो, काठ कातरीनं कापल्यासारखा. ही गाठ करडी होती, मळकट. मध्ये मध्ये जुन्या रक्ताचे उजळ डाग. डावीकडचा काठ तर काठच नव्हता. गाठ कुठे संपते आणि बाई कुठे सुरू होते, ते तिथे सांगता येत नव्हतं. आणि थोरलीची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. पाळी गेली की फायब्रॉइड आक्रसतो. हा पोशाखांची मापं बदलायला लावत होता.

त्या गुळगुळीत स्नायूचाच एक कॅन्सर असतो, लायोमायोसार्कोमा. इतका विरळा की पुष्कळ डॉक्टरांना अख्ख्या नोकरीत भेटत नाही, आणि दिसायला फायब्रॉइडच्या सख्ख्या भावासारखा. दुर्बिणीच्या ऑपरेशनात एवढी मोठी गाठ लहान भोकातून बाहेर यायची कशी? तर फिरत्या पात्याच्या यंत्रानं पोटातच तिचे तुकडे करायचे आणि एकेक ओढून काढायचा. फायब्रॉइड असेल तर काही बिघडत नाही. तो दुसरा असेल, तर उद्या सकाळी थोरलीच्या पोटभर त्याची पेरणी होणार होती, आणि पेरणारे सगळे धाकटीचे मित्र होते.

कान तापले. ती उठली आणि थेट स्कॅनच्या खोलीत गेली.

मुख्य टेक्निशियन काचेमागे बसून पुढच्या पेशंटचं नाव भरत होता. केस पांढरे झालेला, कामाला चोख माणूस. धाकटीनं विचारलं, माझ्या जावेचे दोन संच का काढले नाहीत? विचारलं म्हणजे काय, ओरडलीच, खोलीतल्या दोघांनी माना वर केल्या. त्यानं शांतपणे सांगितलं, घरचा स्कॅन होता ना तो.

घरचा स्कॅन. हा शब्द धाकटीनं हजारदा ऐकला होता, हजारदा वापरलाही होता. विभागातल्या कुणाची आई, मेहुणी, सासरा असला की त्यांना बाहेर रांगेत बसवायचं नाही, नंबराचा कागद द्यायचा नाही, प्रश्नांचा फॉर्म भरायला लावायचा नाही. हातात सुई टोचायची नाही. त्या भुयारात उगीच पाऊण तास कोंडून ठेवायचं नाही, लांबणारे संच गाळायचे, पटकन मोकळं करायचं आणि चहा पाजून पाठवायचं. सगळ्यांना या गोष्टीचा केवढा अभिमान! आपल्या माणसाला आपण असं जपतो. परक्या बाईला पूर्ण तपासणी मिळायची, आणि आपल्याला मिळायची अर्धी तपासणी आणि चहा.

"पण गर्भाशयाची गाठ आहे म्हटल्यावर डिफ्युजन गाळायचं असतं का?" ती म्हणाली. "एवढी वर्षं काय केलंत इथं?"

टेक्निशियननं हातातलं काम बाजूला ठेवलं. "बाई, तुम्हीच फोन केला होतात. म्हणालात, बंद जागेत घाबरतील, जरा लवकर सोडा."

केला होता. याच शब्दांत केला होता. त्या सकाळी धाकटी गाडी लावत होती, तेवढ्यात सुचलं म्हणून. फोन ठेवल्यावर, आपण जावेसाठी काहीतरी केलं, म्हणून जिना चढताना तिला बरंही वाटलं होतं. आता तिला टेक्निशियनचा असा राग आला की त्याच्या टेबलावरची सगळी पेनं उचलून भिरकावून द्यावीत. तो खोटं बोलला असता तर एवढा आला नसता. ती दार आपटून बाहेर पडली. त्या दाराला आवाज न होऊ देणारी स्प्रिंग लावलेली होती, त्यामुळे आपटायचं समाधानही मिळालं नाही.

मोघमराव परतले होते. तिनं त्यांच्यासमोर फोटो उघडले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाले की हो, थोडं मळकट आहे खरं, पण फायब्रॉइड सडायला लागला की असाच दिसतो. ते खोटं नव्हतं. हा कॅन्सर किती बायकांत एखादीला होतो, हे त्यांनी तिला समजावून सांगितलं, जणू ती कालच शिकून आली होती. उद्या ऑपरेशन आहे, आता कशाला घोळ घालतेस, असंही म्हणाले.

"त्यांची पाळी कधी गेली, विचारलं होतंत?" धाकटीनं विचारलं.

मोघमराव गोरेमोरे झाले. "तुझी जाऊ ती. घरच्या बाईला असलं काही कसं विचारायचं? बरं दिसतं का?"

धाकटी त्यांच्याकडे बघतच राहिली. हा गृहस्थ रोज परक्या बायकांच्या पाळीचा, गर्भपातांचा, रक्तस्रावाचा हिशेब वाचल्याशिवाय फोटोला हात लावत नसे. थोरलीच्या बाबतीत ते विचारायची त्याला लाज वाटली. या लाजेपायी तिचा जीव गेला असता आणि सगळ्यांनी मिळून किती सभ्यपणे घालवला असता! ती एवढंच म्हणाली की तुम्ही आयुष्यभर गोलगोल लिहीत आलात, मग नेमकं हिच्याच वेळी 'फायब्रॉइडच' म्हणायची अवदसा कुठून आठवली? मोघमराव म्हणाले, तुला बरं वाटावं म्हणून. धाकटी तशीच उठून दुर्बीणवाल्यांकडे निघाली.

दुर्बीणवाले त्यांच्या खोलीत उभ्याउभ्या सँडविच खात होते. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. आधी म्हणाले की गाठ पिशवीत घालून, पिशवीच्या आतच तुकडे करीन, मग तर झालं? धाकटीनं विचारलं की तुमची पिशवी कधी फाटलीच नाही का. त्यांनी सँडविच खाली ठेवलं. ते वाईट नव्हते, नुसते घाईत होते. म्हणाले, तुझ्या जावेनं मला स्वतः सांगितलंय, लवकर पाण्यात उतरता यायला हवं, मोठा चिरा नको. आता नुसत्या तुझ्या संशयावर मी तिचं पोट उभं कापू? संध्याकाळपर्यंत मला नीट स्कॅन आणून दे. त्यात तसं दिसलं तर मी बेत बदलतो. नाही आणलास, तर उद्या ठरल्याप्रमाणे.

झालं. नीट स्कॅन संध्याकाळच्या आत हवा होता, आणि मशीनवर दिवसभराची माणसं लागलेली होती. म्हणजे घरचा स्कॅन निस्तरायला पुन्हा घरचाच स्कॅन करायचा होता. धाकटीला हे कळत होतं. पण कळून काय करते? तिनं टेक्निशियनला बजावलं की पुढचा नंबर थांबवा, आणि वर जाऊन थोरलीला घेऊन आली. एक फोटो काढायचा राहिलाय, एवढंच सांगितलं.

स्कॅनच्या खोलीबाहेर बोळात भिंतीला लागून खुर्च्या होत्या आणि एकही रिकामी नव्हती. दाराजवळच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. त्यांचा कोट घडी करून मांडीवर ठेवलेला होता आणि हातात नंबराचा कागद होता. टेक्निशियन त्यांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होता. म्हाताऱ्यांनी मान हलवली आणि उघडायला घेतलेली शर्टाची बटणं पुन्हा लावायला सुरुवात केली. एकेका बटणाला वेळ लागत होता.

थोरलीनं ते पाहिलं. तिची अख्खी नोकरी काठावर पोरांची रांग लावण्यात गेली होती. कुणी मध्ये घुसलं तर तिला पाठमोरी असतानाही कळायचं. ती तिथेच उभी राहिली.

"यांचा नंबर होता ना?"

धाकटी म्हणाली की वहिनी, आत चला, मग सांगते. थोरली म्हणाली, इथंच सांग. लोक बघताहेत, असं धाकटी म्हणाली, तर म्हणे बघू देत. शेवटी बोळाच्या टोकाला, पाण्याच्या यंत्रापाशी नेऊन धाकटीनं तिला सांगितलं. गाठ कदाचित साधी नसेल. कॅन्सर असेल तर तुकडे करणं म्हणजे तो सगळीकडे पसरवणं. ते ओळखायचे फोटो काढलेच नाहीत. तलावात माणसं ठासून भरली तर कुणालाच हात मारता येत नाही ना, तसं त्या गाठीतल्या पाण्याचं झालंय का, ते बघायचं होतं आणि ते बघितलंच नाही.

"का नाही काढले?"

धाकटीला मोघमरावांचं नाव घेता आलं असतं. टेक्निशियनचंही घेता आलं असतं. "मी फोन केला होता," ती म्हणाली. "तुम्हाला आत भीती वाटेल म्हणून लवकर सोडायला सांगितलं होतं."

धाकटीनं लग्नानंतरच्या एवढ्या वर्षांत तिला कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं, त्यामुळे थोरली चिडली की कशी दिसते, हे तिला माहीत नव्हतं. ती अगदी स्थिर होते, हे आता कळलं.

"मला भीती वाटते, असं कोण म्हणालं तुला?" थोरली म्हणाली. "लोकांना पाण्याखाली डोळे उघडायला शिकवते मी. तासन् तास न हलता पडले असते त्या नळीत. मला विचारलंस का? डाव्या कुशीत दुखतंय, एवढं मी त्या माणसाला सांगायला गेले, तर म्हणे, झालं वहिनी, या बाहेर, चहा घ्या. सगळे मला जपत होते. माझं कुणी ऐकत नव्हतं."

धाकटीचे कान जळत होते, पण या वेळी राग कुणाचा ते विचारायची सोय नव्हती. ती म्हणाली की चुकलं माझं, पण आत्ता आत चला, वेळ नाहीये, उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

"उद्या ऑपरेशन नाही," थोरली म्हणाली. "डॉक्टरांना सांग, मी नको म्हणाले. पोट माझं आहे. आणि या आजोबांच्या आधी मी आत जाणार नाही."

म्हाताऱ्यांना ऐकू गेलं होतं. ते अर्धवट उठून म्हणाले की बाई, तुम्ही जा आधी, मला कुठे घाई आहे. थोरलीनं त्यांना हातानंच खाली बसवलं. तिच्या हाताचा तो इशारा अख्खा तरणतलाव पाळत असे. तेही बसले. मग तिनं टेक्निशियनकडून नंबराचा कागद मागून घेतला. त्या दिवशीचे नंबर संपले होते, दुसऱ्या दिवसाचा मिळाला. ती वर गेली, आपले कपडे पिशवीत भरले आणि घरी निघून गेली. लिफ्टनं न जाता जिन्यानं गेली.

दुर्बीणवाल्यांनी त्या संध्याकाळी धाकटीला भरपूर ऐकवलं. थिएटर रिकामं जाणार, भूल देणारे डॉक्टर मोकळे बसणार, आणि हे सगळं एका मळकट डागासाठी. हा राग धाकटीला जवळजवळ हवासा वाटला.

दुसऱ्या दिवशी थोरली आली, खुर्चीत बसली, फॉर्म भरला. पाळी, बाळंतपणं, दुखणं, पोशाखाची मापं, सगळं लिहिलं. तिचं नाव पुकारलं गेलं तेव्हा ती उठली. आत पडून राहिली ती इतकी निश्चल की टेक्निशियननं दोनदा माइकवरून विचारलं, ठीक आहात ना? दोन्ही वेळा आतून उत्तर आलं, "काम करा तुमचं."

धाकटी नियम मोडून काचेमागे उभी होती. डिफ्युजनचा संच पडद्यावर आला. गाठ एका फोटोत पांढरीफेक पेटली, आणि जोडीच्या फोटोत त्याच जागी काळीकुट्ट झाली. पाणी अडकलं होतं. मग इंजेक्शन दिलं. कडेनं रक्त धावलं, मधला भाग तसाच राहिला, मेलेला. डावीकडे, जिथे दुखत होतं तिथेच, गाठीनं गर्भाशयाची भिंत पोखरायला घेतली होती. टेक्निशियननं खुर्ची मागे सरकवली आणि डोळे पुसले. धाकटीला त्याचाही राग आला. रडायचं असेल तर त्या दिवशी संच गाळताना रडायचं होतं.

रिपोर्टवर सही मोघमरावांचीच हवी होती. त्यांनी सवयीनं लिहिलं, 'कॅन्सरची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही. इतर तपासण्यांशी ताडून पाहावे.' धाकटी त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून वाचत होती. हे वाक्य ते दर आठवड्याला कुणा ना कुणाला लिहीत. दुर्बीणवाल्यांनी ते वाचणंच सोडून दिलं होतं, आणि त्यात त्यांची तरी काय चूक?

"सर, हे खोडा," ती म्हणाली. "जे दिसतंय ते लिहा."

मोघमरावांनी खोडलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा मोघम. तिनं पुन्हा खोडायला लावलं. विभागातली माणसं दारापर्यंत येऊन परत जात होती. तिसऱ्यांदा त्यांनी लिहिलं, 'लायोमायोसार्कोमा वाटतो. पोटात तुकडे करू नयेत. गाठ अखंड काढावी.' सही केली, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. एवढं सरळ लिहायची त्यांना सवय नव्हती.

ऑपरेशन पोट उघडून झालं. दुर्बीणवाल्यांनीच केलं, आणि जीव ओतून केलं. गाठ अखंड बाहेर आली. पॅथॉलॉजीच्या डॉक्टरीणबाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं की होय, तोच आहे, पण कुठे फुटलेला नाही. आता दर काही महिन्यांनी फुफ्फुसांचा सीटी करायचा, कारण हा परत आला तर बहुधा आधी तिथे जातो. येईल की नाही, हे कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि तसं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मोघमराव बोळात भेटले, पुन्हा खांद्याला हात लावून म्हणाले, बघ, सगळं नीट झालं ना शेवटी? धाकटीनं त्यांचा हात उचलून बाजूला केला. नीट काही झालेलं नव्हतं. भोक कुठे पाडायचं एवढं विचारायला एक फोन आला आणि एका पोहणाऱ्या बाईनं घरचं माणूस व्हायला नकार दिला, म्हणून थोडक्यात निभावलं होतं.

घरी थोरली पूर्वीसारखीच वागायची. विचारलं की उत्तर द्यायची, जेवताना शेजारी बसायची. फक्त धाकटीचे कान तापले तरी आता ती काही म्हणायची नाही. त्या कानांकडे तिचं लक्षच जात नसे. धाकटीला हे कुणाला सांगताही येत नव्हतं. काय सांगणार? की माझी जाऊ माझी थट्टा करत नाही?

पहिला सीटी स्वच्छ आला. दुसऱ्या वेळी थोरली आली तेव्हा बोळ असाच भरलेला होता. ती शेवटच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर पिशवी आणि हातात नंबराचा कागद. टेक्निशियननं तिला दारातून पाहिलं. काही खोडी मेल्याशिवाय जात नाहीत. तो लगबगीनं पुढे झाला आणि म्हणाला की अहो वहिनी, तुम्ही इथं कशाला बसलात, घरचं माणूस तुम्ही, या आत.

धाकटी त्याच्या मागेच उभी होती. ती तोंड उघडणार तेवढ्यात थोरली बोलली.

"मी इथं कुणाच्याही घरची नाही. नंबर आला की हाक मारा."

तो मुकाट्यानं आत गेला. रांग एकेक खुर्ची पुढे सरकली. धाकटीला आत दहा कामं होती, पण ती दारात खिळून राहिली. थोरलीचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, पोटावरच्या चिऱ्याला एक हात लावून सावकाश चालत आली, आणि धाकटीसमोर थांबली.

"फोटो कोण बघणार माझे?"

नियमाप्रमाणे मोघमराव, असं धाकटी म्हणाली.

"त्यांनी बघून झाल्यावर तूही बघ," थोरली म्हणाली. "पण मी तुझी कोण आहे ते बाहेर ठेवून ये. परक्या बाईचं बघतेस तसं बघ."

ती आत गेली आणि टेबलावर आडवी झाली. धाकटी काचेमागे गेली. तिनं टेक्निशियनला उठवलं, स्वतः त्याच्या खुर्चीत बसली आणि माइकचं बटण दाबलं.

"पूर्ण नाव सांगा," ती म्हणाली. "वय सांगा. पाळी कधी गेली? कुठे दुखतंय का?"

आतून थोरलीनं नाव सांगितलं, वय सांगितलं, आणि एकेका प्रश्नाचं सावकाश उत्तर दिलं. धाकटीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.